एकोणीस वर्षांनंतरचा शनिवार

"तुम्ही आमच्या शाळेत शिकवत नाही, तुमची मुलगीही इथे नाही, मग तुम्ही दर शनिवारी येणार कशाला?" जून २०२३ मध्ये गाइड, म्हणजे मुलींच्या स्काउट, पथकाच्या पहिल्याच बैठकीत सातवीतल्या एका मुलीने मला हा प्रश्न विचारला. त्यात उद्धटपणा नव्हता, निव्वळ हिशेब होता. आपल्याकडे बहुतेक गाइड पथके शाळांशी जोडलेली असतात आणि पथक चालवणारी गाइड कॅप्टन म्हणजे त्याच शाळेतली एखादी शिक्षिका असते. वर्ग, परीक्षा, पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीची कामे यांच्या जोडीला हेही एक काम तिच्या गळ्यात पडलेले असते. बाहेरची बाई आपण होऊन येते, तिला त्याचा पगार मिळत नाही आणि तिच्यावर कोणी सक्तीही केलेली नाही, हे त्या मुलीच्या अनुभवात बसत नव्हते. "मला आवडतं म्हणून," असे मी उत्तर दिले. ती "बरं" म्हणाली. तिचे समाधान झालेले नव्हते, हे स्पष्ट दिसत होते.

खरे उत्तर लांबलचक होते. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत १९८३ ते १९८८ या काळात मी गाइड होते. पुण्यात नोकरीला लागल्यावर १९९६ पासून आठ वर्षे एका पथकाची सहायक कॅप्टन म्हणून काम केले. नंतर बँकेत बदली झाली, दुसरे मूल झाले, सासूबाईंचे आजारपण आले आणि २००४ मध्ये मी 'तूर्त रजा' घेतली. ती रजा १९ वर्षे चालली. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर पहिले दोन महिने घरातली कपाटे आवरण्यात गेले. तिसऱ्या महिन्यात ओळखीच्या एका शिक्षिकेने सांगितले की त्यांच्या शाळेचे पथक कागदावर आहे, मुलींकडे गणवेशही आहेत, पण वेळ देणारे कोणी नाही. मी लगेच हो म्हटले. मला हे काम येते, अशी माझी पक्की समजूत होती. गेल्या दोन वर्षांत त्या समजुतीचे काय झाले, तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात गाइड कॅप्टनसाठीच्या बेसिक कोर्सने झाली. हा कोर्स मी १९९७ मध्ये केलेला होता. जुन्या प्रमाणपत्रावर भागेल का, असे मी विचारलेच नाही. मधल्या काळात बरेच बदलले असेल इतपत अंदाज होता. सात दिवसांचे निवासी शिबिर, जमिनीवर सतरंजी, पहाटे शिट्टी, आणि प्रशिक्षक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ५१ व्या वर्षी गुडघ्यांनी तिसऱ्याच दिवशी तक्रार नोंदवली. गाठींचा तास मात्र सोपा गेला. दोरी हातात येताच बोलाइन आपोआप बांधली गेली; क्लोव्ह हिचला जरा अडखळले, मग तीही आठवली. शेजारच्या तरुण शिक्षिका कौतुकाने पाहू लागल्या आणि मला उगाचच बरे वाटले.

ते बरे वाटणे प्रथमोपचाराच्या तासाला संपले. सर्पदंश झाल्यावर काय करावे, असे प्रशिक्षिकेने विचारले. मी हात वर करून सांगितले की दंशाच्या वरच्या बाजूला करकचून आवळपट्टी बांधावी आणि ब्लेडने लहानसा छेद देऊन रक्त वाहू द्यावे. आम्ही शाळेत हेच शिकलो होतो, बॅजच्या चाचणीत हेच लिहून उत्तीर्ण झालो होतो. प्रशिक्षिकेने शांतपणे सांगितले की यातले काहीही करायचे नाही. आवळपट्टीने रक्तपुरवठा तुटतो आणि तो हात किंवा पाय गमवावा लागू शकतो. छेद दिल्याने विष बाहेर येत नाही. उलट ज्या विषाने रक्त गोठायचे थांबते त्या विषाच्या रुग्णाला रक्तस्राव होत राहतो. रुग्णाला धीर द्यायचा, दंश झालेला अवयव हाड मोडल्यावर बांधतो तसा फळीच्या आधाराने स्थिर ठेवायचा, सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या, पैंजण, जोडवी काढून घ्यायची आणि वेळ न दवडता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यायचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात, त्यामुळे हा धडा आपल्या मुलींसाठी पुस्तकी नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठ वर्षांत माझ्या हाताखालून शंभराच्या आसपास मुली गेल्या असतील. त्या प्रत्येकीला मी आवळपट्टी बांधायला शिकवले होते, सराव करून घेतला होता, आणि एखादीची पट्टी सैल राहिली तर पुन्हा आवळायला लावली होती. त्यांतल्या काही जणी आज शेतावर राहतात. कोर्सवरून परतल्यावर ज्यांचे फोन नंबर मिळाले अशा अकरा जणींना मी फोन केले आणि 'आपण शिकलो ते चुकीचे होते' एवढे सांगितले. दोघींना हे आधीच ठाऊक होते. एकीने विचारले, "बाई, एवढ्यासाठी फोन केलात?" मी हो म्हटले.

पथकात परत जाणे म्हणजे जुने आठवणे, असे मला वाटत होते. काम मात्र विसरण्याचे निघाले. त्यातही सर्वांत कठीण विसरणे प्रथमोपचाराचे नव्हते. ते हात मागे ठेवण्याचे होते.

गाइडिंगची रचना ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. १० ते १७ या वयोगटातल्या मुलींचे पथक असते. त्यात सहा ते आठ मुलींचे संघ पाडतात आणि त्यांना फुलांची नावे देतात. आमच्याकडे मोगरा, कमळ, जास्वंद आणि सूर्यफूल असे चार संघ आहेत. प्रत्येक संघाची एक नायिका असते. आमच्या वेळी तिला सरळ 'पेट्रोल लीडर' म्हणत; मी पेट्रोल लीडर झाल्याचे घरी सांगितले तेव्हा आजोबांना काही काळ वाटत होते की शाळेने पंपावर काम लावले आहे. या नायिकांची जी सभा भरते तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. पथकाचा कार्यक्रम, खर्च आणि शिस्त यांचे निर्णय तिथे होतात. अध्यक्ष मुलींपैकीच एक असते. कॅप्टनने सल्ला द्यायचा असतो, निर्णय द्यायचा नसतो.

हे सगळे मला १९९६ मध्येही पाठ होते, पण आमच्या कोर्ट ऑफ ऑनरमध्ये काय व्हायचे? मी शुक्रवारी रात्री कार्यक्रम लिहून काढत असे, शनिवारी तो नायिकांना वाचून दाखवत असे आणि "चालेल ना?" असे विचारत असे. त्या "हो ताई" म्हणत. आमचे पथक जिल्ह्यात नीटनेटके म्हणून ओळखले जाई. त्यानंतरच्या वर्षांत मी आई झाले आणि शाखेत अधिकारी झाले. या दोन्ही भूमिकांत लोक आपल्याला विचारून काम करतात, आणि त्याची सवय फार लवकर जडते. त्यामुळे २०२३ मध्ये परतलेली मी १९९६ पेक्षा वाईट कॅप्टन होते, हे कबूल केले पाहिजे.

गाइडिंगच्या इतिहासातली एक गोष्ट मी मुलींना सगळ्यात आधी सांगते. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बॉय स्काउटांचा मेळावा भरला, तिथे काही मुली स्वतःच गणवेश जमवून, कोणी न बोलावता जाऊन उभ्या राहिल्या. त्यातून १९१० मध्ये मुलींची वेगळी संघटना उभी राहिली आणि स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस हिने ती चालवली. १९११ मध्ये भारतातली पहिली तुकडी जबलपूरला सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्रित संघटना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संघटना तिच्यात सामील झाली. ही सनावळी मुलींना लक्षात राहत नाही, राहू नये असेही मला वाटते. 'न बोलावता गेल्या' हे मात्र त्या विसरत नाहीत. दुसरी गोष्ट 'संगम'ची. जगभरातल्या गाइड्ससाठी असलेल्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी आशियातले हे केंद्र पुण्यात आळंदी रस्त्यावर आहे आणि १९६६ मध्ये त्याचे उद्घाटन बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ऑलेव्ह यांच्या हस्ते झाले. आमच्या पथकातल्या निम्म्या मुली त्या रस्त्यावरून रोज बसने जातात. आत काय आहे हे एकीलाही ठाऊक नव्हते. २२ फेब्रुवारीच्या चिंतन दिनानिमित्त त्यांना तिथे घेऊन गेले, तेव्हा आमच्या सातवीतल्या हिशेबी मुलीने परदेशातून आलेल्या एका स्वयंसेविकेला तोच प्रश्न मोडक्या इंग्रजीत विचारला: तुम्ही इथे आलात कशाला? तिनेही 'मला आवडतं' असेच काहीसे उत्तर दिले. मुलीने माझ्याकडे वळून पाहिले.

हात मागे ठेवण्याचा पहिला खरा कस पालखीच्या दिवशी लागला. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून विश्रांतवाडीमार्गे पुण्यात येते, आणि त्या वाटेवर वारकऱ्यांना पाणी देण्याची सेवा २०२४ मध्ये आमच्या पथकाने घेतली. कोर्ट ऑफ ऑनरने ठरवले की कागदी पेले वापरायचे नाहीत. वारकऱ्यांच्या स्वतःच्या बाटल्या आणि तांबे भरून द्यायचे. एवढ्या गर्दीत हे जमणार नाही असा सल्ला मी दिला, तो ऐकून घेतला गेला आणि बाजूला ठेवला गेला. मग मी जे केले ते सांगायला आजही लाज वाटते. दोनशे कागदी पेल्यांचे एक पाकीट मी गुपचूप पिशवीत टाकून नेले. सकाळी गर्दी वाढली, रांग अडली आणि मी विजयी मुद्रेने पाकीट बाहेर काढले. कमळ संघाची नायिका दोन्ही हातांत जग घेऊन उभी होती. तिने पाकिटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "कॅप्टन, ते आत ठेवा ना. आम्ही अजून जग आणतो." समोरच्या सोसायटीच्या सुरक्षारक्षकाकडून त्यांनी दोन बादल्या आणि तीन जग मिळवले. पाणी हळूहळू वाटले गेले, बरेच वारकरी न थांबता पुढे गेले, आणि दुपारी आमच्या पट्ट्यात एकही पेला पडलेला नव्हता. पाकीट अजून माझ्या घरी आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये भोरजवळ एका शाळेच्या आवारात आमचे तीन दिवसांचे शिबिर झाले. पालकांची संमतिपत्रे, आजारांची माहिती, औषधांच्या वेळा, तातडीचे दोन दोन फोन नंबर, रात्री दोन महिला प्रमुखांची उपस्थिती, या सगळ्याची आता काटेकोर नोंद ठेवावी लागते. १९९६ मध्ये आम्ही एका कागदावर नावे लिहून एसटीत बसत असू, ते आठवले तरी आता अंगावर काटा येतो. या बाबतीत नवे नियम मला जाचक वाटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकाची पाळी मोगरा संघाची होती. चूल पेटली होती, कांदे चिरून झाले होते, पोहे भिजवायचे होते. तेवढ्यात मोगऱ्याची नायिका माझ्याकडे आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्यातल्या एकीला अडचण आलीय. बाकीच्या दोघी म्हणतायत की तिच्या हातचं आम्ही खाणार नाही. घरी कळलं तर आई रागावेल म्हणतायत."

माझ्या ओठांवर लगेच एक वाक्य आले, अगदी बोलाइनच्या गाठीसारखे, विचार न करता. "तिला आज झेंड्याचं काम दे." आठ वर्षे मी असेच करत आले होते. जिला अडचण असेल तिला हळूच बाजूला घ्यायचे, झेंड्याचे किंवा नोंदवहीचे काम द्यायचे, कोणाला काही कळू द्यायचे नाही. मुलीची अब्रू राहते, वाद होत नाही, नाश्ता वेळेवर होतो. १९९९ च्या एका शिबिरात एका मुलीने यासाठी डोळ्यांत पाणी आणून माझे आभार मानले होते आणि आपण किती समंजसपणे वागलो याचा मला पुढे कित्येक वर्षे अभिमान होता. मुलीला चुलीपासून दूर ठेवण्याचा तो नियम मी स्वतः पाळत होते आणि वर त्याला समंजसपणाचे नाव देत होते, हे मला त्या सकाळी, धुराने डोळे चुरचुरत असताना, पहिल्यांदा स्वच्छ दिसले.

मी म्हटले, "हे कोर्ट ऑफ ऑनरमध्ये मांड. आत्ताच."

चार नायिका आणि अध्यक्ष म्हणून नववीतली एक मुलगी, अशा पाच जणी पडवीत बसल्या. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि दोन्ही हात खरोखरच पाठीमागे धरले. पहिली पाच मिनिटे कोणी सरळ बोलेना. मग सूर्यफुलाची नायिका म्हणाली, "आपण इथे चोवीस जणी आहोत. आज तिला एकटीलाच असेल, असं वाटतं का तुम्हांला? काल ज्यांनी भाकऱ्या केल्या त्यांना कोणी विचारलं होतं? म्हणजे जी खरं सांगते, तिनेच बाजूला बसायचं." जास्वंदीची नायिका म्हणाली की हे बरोबर आहे, पण ज्यांच्या घरी पाळतात त्यांनी काय करायचे, त्यांच्यावर जबरदस्ती कशी करायची? यावर बराच वेळ गेला. आवाज चढले. मध्ये दोनदा मला बोलावेसे वाटले. शेवटी अध्यक्षांनी निर्णय लिहून वाचून दाखवला: कोणाला अडचण आहे का, हे कोणी कोणाला विचारणार नाही, पोट दुखत असेल तर कारण न सांगता विश्रांती मिळेल, ज्यांना सगळ्यांबरोबरचे जेवण नको असेल त्यांनी वेगळी चूल मांडावी, मात्र लाकडे स्वतः गोळा करावीत.

ती शेवटची अट मला सुचली नसती.

पोहे साडेनऊला झाले. त्या दोघींपैकी एकीने लाकडे गोळा करायला जायचे म्हटल्यावर दहा मिनिटे विचार केला आणि ताटली घेऊन रांगेत येऊन बसली. दुसरीने खरोखरच तीन विटांची चूल मांडली, स्वतःपुरती खिचडी केली, ती तळाला करपली आणि तिने ती तशीच खाल्ली. कोणी हसले नाही. संध्याकाळी सर्वधर्म प्रार्थनेच्या वेळी जिच्यावरून हे सगळे झाले होते ती मुलगी आपण होऊन वर्तुळाबाहेर, आंब्याच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. सकाळभर तिने कांदे चिरले होते, सर्वांना वाढले होते, पण प्रार्थनेत ती आली नाही. तिला बोलवावे की नाही, हे मला ठरवता आले नाही. नायिकांनीही बोलावले नाही. प्रार्थना संपल्यावर सूर्यफुलाची नायिका तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि दोघी बराच वेळ काही तरी बोलत होत्या.

शिबिरानंतर एका आईचा फोन आला. "आमच्या घरात हे चालत नाही, तुम्ही मुलींना हे काय शिकवता?" मी सांगितले की मी काहीच शिकवले नाही, निर्णय मुलींचा होता आणि तुमच्या मुलीला वेगळी चूल मांडण्याची मोकळीक दिली होती. त्यांचे समाधान झाले नाही. त्यांच्या दृष्टीने मी मोठी बाई असून जबाबदारी टाळत होते, आणि हा आरोप पूर्णपणे खोटा आहे असे मी म्हणणार नाही. मुलगी पुढच्या शनिवारी आली नाही. त्यानंतरच्या शनिवारी आली. करपलेल्या खिचडीवरून आता ती स्वतःच विनोद करते.

शिबिराचा हिशेब जास्वंद संघातली एक बारा वर्षांची मुलगी लिहिते. बँकेतली सवय म्हणून मी तो बारकाईने तपासला. तांदूळ, पोहे, बेसन, टोमॅटो, टेम्पोचे भाडे, आणि त्याखाली स्वच्छ अक्षरात 'सॅनिटरी पॅड, २ पाकिटे' अशी ओळ. माझ्या काळातल्या शिबिरांच्या वह्यांत हा खर्च मी स्वतःच्या हाताने 'किरकोळ' या सदरात घालत असे. या वहीवर मुख्याध्यापकांची सही लागते, हे त्या मुलीला ठाऊक होते, तरी मी आठवण करून दिली. ती म्हणाली, "मग? किंमत बरोबर आहे की."

मी तिच्याबरोबर त्यांच्या खोलीत गेले. सरांनी चष्मा लावला, प्रत्येक ओळीवर पेन्सिलीचे टोक टेकवत पान खालपर्यंत वाचले, बेरीज दोनदा तपासली आणि वर पाहून विचारले, "पहिल्या दिवशी लाकडं विकत का घेतली?"